दर्शनी भिंत

उशीवर हात टेकला आणि निलमला एकदम किळस आली.

खरं म्हणजे तिला कशाची किळस येत नसे. हिंगोलीत सरकारी दवाखान्याच्या मागच्या गल्लीत तिची स्वतःची लॅब होती. सकाळपासून लोक तिच्यापुढे रक्त, लघवी, बेडका, पू आणून ठेवत. झाकण नीट न लावलेली डबी पिशवीतच सांडलेली असली, तरी नाक न मुरडता ती हातमोजा चढवी, पुसून घेई आणि नाव विचारी. मळमळणं ही तिच्या लेखी रुग्णांनी सांगायची तक्रार होती. आणि आता या गारेगार, सुगंधी, मधाळ उजेडाच्या दुकानात, ढगासारख्या मऊ सोफ्यावर बसलेली असताना, तळहाताखाली काहीतरी टोचलं म्हणून तिनं सहज चाचपलं, तर बोटांना आधी शिवण लागली. गोलाईची शिवण. बोटं त्या गोलाईवरून फिरत गेली, काठाला पोचली, तिथून पुन्हा वळली. आणि डोळ्यांनी खाली पाहण्याच्या आतच बोटांना कळलं की हा उशीचा अभ्रा नव्हे, ही काचळीची छाती आहे. कुणा बाईच्या अंगावरची चोळी मधोमध कापून, दोन्ही बाजू शेजारी शेजारी जोडून, आत कापूस ठासून भरलेली. आरसे होते तसेच होते, लाल-निळा कशिदा होता तसाच होता. कापसानं ती नको तितकी फुगली होती. निलमनं हात उचलला आणि तो कुठं ठेवावा हे न कळून तसाच हवेत धरला.

"फील घ्या ना मॅडम, फील घ्या," पुनम म्हणाली. दुकान तिचं होतं. हळदीच्या मोठ्या व्यापाऱ्याची ती धाकटी सून. पुण्यात अंतर्गत सजावटीचं शिक्षण घेऊन आलेली. सासऱ्यांनी मोंढ्याजवळचं जुनं गोदाम तिला दिलं आणि तिनं त्याचं हे केलं: छताला उघडे पाईप, पिंजऱ्यातले दिवे, खोट्या विटांची भिंत, आणि कोपऱ्याकोपऱ्यात लेमनग्रासचा वास सोडणाऱ्या बाटल्या. भिंतींना कितीही रंग दिले तरी वर्षानुवर्षं मुरलेली हळद दमट हवेत वर येते, असं निलमला तिच्या नवऱ्यानं, देविदासनं, गाडीतच सांगितलं होतं. ती आलेली दिसतही होती; पांढऱ्या भिंतीवर कावीळ झाल्यासारखे डाग. पुनम त्याला 'यलो वॉश' म्हणे आणि तसा फिनिश हवा असल्यास वेगळा भाव सांगे. त्या दोन वासांची, वरच्या गवती आणि खालच्या कच्च्या हळदीची, निलमच्या घशात सरमिसळ होऊन बसली होती. "पूर्ण हँडवर्क आहे. ओरिजिनल ट्रायबल. आता असं कुणी करतच नाही. आमचा एक माणूस आहे, तो तांड्यातांड्यातून उचलतो. आणि हायजीनचं टेन्शन नाही हं, आम्ही आधी तीन प्रोसेस करून घेतो. कसंय, ते लोक..." इथं तिनं नाकाजवळ हात हलवला आणि गोड हसली.

"आम्ही त्यातलेच आहोत मॅडम," देविदास म्हणाला. तोही हसत होता. "राठोड. लमाण."

पुनमचा चेहरा एका क्षणात उजळला. ओशाळण्याला त्यात जागाच मिळाली नाही. "अय्या! मग हे तर तुमचं हेरिटेज झालं! सर, मग ते तुमचं सरप्राईज मॅडमना आत्ताच दाखवूया ना?"

निलम उभी राहिली. तिला माणसाची नव्हे, कापसाची किळस येत होती. पण हे ज्याला सांगावं असं त्या गोदामात कुणी नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या गालावर नेहमी गोल वळ असत. प्रेमदास तेव्हा अंगावर पिणारा. याडी, म्हणजे त्यांची आई, त्याला मांडीवर घेऊन काचळी वर सरकवी, आणि पिऊन पिऊन तो तसाच झोपी जाई, तेव्हा आरशांच्या कडा त्याच्या गालावर उमटत. उठल्यावर बराच वेळ त्या गोल चकत्या गालावर दिसत. तांड्यातल्या सगळ्याच लहान पोरांच्या गालावर त्या असत. निलमच्याही असणार, तिला स्वतःचा गाल तेव्हा दिसला नव्हता इतकंच. त्या छातीला धुराचा वास असे, घामाचा, शेळीच्या दुधाचा, आणि उन्हात तापलेल्या आरशांना असतो तसा एक धातूचा वास. पुढं ती हिंगोलीला वसतिगृहात राहायला आली आणि तिच्या पेटीत तोच वास निघाला तेव्हा खोलीतल्या मुलींनी खिडकी उघडली होती. त्या रात्री तिनं सगळे कपडे पुन्हा धुतले, आणि वास गेल्यावर तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं याचंही काही वाटलं नव्हतं. आता या दुकानात ती उशी कुणाही घरी जाईल. जेवून आलेला पाहुणा डोकं टेकील, कुणी पाठीशी घेईल, कुणी टीव्ही बघताना मांडीवर घेऊन चाळा म्हणून एकेक आरसा नखानं उचकटील. आणि तिला वासच नाही. या विचारानं तिच्या तोंडात पाणी जमलं, ओकारीच्या आधी जमतं तसं.

पुनमनं आतून आणवून घेतलेली वस्तू दोघांनी धरून आणावी लागत होती. काळ्या चौकटीत, जाड काचेमागं, मागून मलमली पांढरा कागद, आणि मधोमध एक अख्खी काचळी. बाह्या दोन्हीकडं पसरलेल्या, पाठीचे बंद खाली मोकळे सोडून टाचणीनं वळणदार अडकवलेले. जणू कुणी बाई दोन्ही हात पसरून भिंतीला पाठ लावून उभी राहिली आहे आणि तेवढ्यात आतली बाई निघून गेली आहे. वर एक छोटा दिवा होता, तो लागला, आणि सगळे आरसे एकाच वेळी पेटले. प्रत्येक आरशात निलमच्या चेहऱ्याचा एक तुकडा होता: एक भुवई, ओठाचा कोपरा, नाकातली चमकी.

"आपल्या हॉलची दर्शनी भिंत," देविदास म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "सोफ्याच्या वर. माणूस दारातून आला की पहिली नजर इथं."

घरी परतताना गाडीत तिनं खूप प्रयत्न केला. शब्द नीट लावायचा प्रयत्न. नवं घर बांधायला घेतल्यापासून वर्षभर देविदास फोनवर घरं बघत होता. दुसऱ्यांची, न पाहिलेल्या शहरांतली, ज्यांत माणसं कधीच दिसत नाहीत आणि फळांची टोपली नेहमी भरलेली असते अशी घरं. जेवताना तो फोन तिच्यापुढं धरी: हा दिवा बघ, हा गालिचा बघ, ही रिकामी भिंत बघ, केवढी शांत आहे. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत आयुष्यभर चाऱ्या आणि चिखल पाहिलेल्या माणसाला ही हौस कुठून आली याचं तिला कौतुक वाटे. तिनं त्याला कधी अडवलं नाही. तिला फक्त एक खोली हवी होती, मागच्या बाजूची, अंगणात दार उघडणारी, याडीसाठी. गेल्या पावसाळ्यात याडी तांड्यातल्या घरात ओट्यावरून घसरून पडली आणि शेजारच्या भिकाबाईला कळेपर्यंत तशीच पडून राहिली. प्रेमदास पुण्याला कंपनीत. तो येणार कधी? तेव्हापासून निलम तिच्या मागं लागली होती. याडी प्रत्येक वेळी काही ना काही काढी. शेळ्या कोण बघील? भिकाबाई एकटी पडंल. शेवटी वास्तुशांतीच्या निमित्तानं ती एवढं म्हणाली होती, "घर बघते. ऱ्हावं वाटलं तं ऱ्हाते." निलमच्या दृष्टीनं त्या नव्या घराचा सगळा अर्थ या एका वाक्यात येऊन थांबला होता.

"ती लावू नका," ती म्हणाली.

"काहून?"

"मला कसंतरी होतं. किळस येते."

देविदासनं गाडीचा वेग कमी केला. मग रस्त्याकडंच पाहत म्हणाला, "म्हणजे तुला अजून आपल्या लोकांची किळस येते."

"तसं नाही."

"मग कसं? शिकत होतो तेव्हा रिसाल्याच्या गल्लीत खोली बघायला गेलो. बाई चहा देऊन राहिली होती, बस म्हणाली, बाळ म्हणाली. गाव विचारलं, तांडा म्हणालो. कप अर्धा होता माझ्या हातात. म्हणे खोली कालच गेली. मी तो चहा पिऊन उठलो, निलम. पूर्ण पिऊन उठलो, काहून की टाकला तर ती म्हणेल उद्धट आहे. आता माझ्या घराच्या पहिल्या भिंतीवर मी ते लावणार. ज्याला यायचं तो ते बघून येईल. आणि तू म्हणते किळस!"

त्याचं खरं होतं. तिला हेच सोसवेना, की त्याचं सगळं खरं होतं आणि तरी तिची किळस जात नव्हती. वसतिगृहाची ती उघडी खिडकी त्याला ठाऊक होती. लग्नानंतर कधीतरी तिनंच हसत हसत सांगितली होती. आता ती काहीही बोलली तरी त्या खिडकीतूनच बोलल्यासारखं होणार होतं. तिच्या गप्प बसण्यालाच त्यानं होकार मानलं आणि आठवड्याभरात भिंतीला भोकं पडून चौकट वर चढली.

वास्तुशांतीचा मुहूर्त पुढचा म्हणून ते आधीच नव्या घरात राहायला आले होते, आणि त्यानंतरचे दिवस तिला हॉलमध्ये जाणं नकोसं झालं. स्वयंपाकघरातून बाहेर यायचं तर तिथूनच यावं लागे. ती नजर खाली घालून जाई, पण दिवा लागला की आरशांचे कवडसे फरशीवर पडत आणि तिच्या पावलांवरून सरकत. नव्या घरातल्या इतरही वस्तू मग तिला वेगळ्या दिसू लागल्या. कोपऱ्यात उलटा ठेवलेला, वरून काच बसवून टेबल केलेला नांगराचा फाळ. दारामागं टांगलेलं सूप, ज्यानं कधी धान्य पाखडलं नव्हतं. बैलाच्या गळ्यातली घंटा, जी आता बेसिनवर लोंबत होती आणि पाहुण्यांनी हात धुताना वाजवायची होती. प्रत्येक वस्तूला आधी कुठंतरी मारून मग इथं आणल्यासारखं तिला वाटे. लॅबमध्ये औषधात बुडवून ठेवलेले मांसाचे तुकडे ती रोज हाताळी. पण तिथं निदान बाटलीवर चिठ्ठी असे, कुणाचा तुकडा आहे ते लिहिलेलं असे. सकाळी साडी नेसताना खोलीचं दार बंद असूनही ती हॉलकडच्या भिंतीला पाठ करून उभी राहू लागली. हे आपण का करतो, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी देविदासच याडीला, रूपाबाईला, बसस्टँडवरून घेऊन आला. रूपाबाई दारात चपला काढून थांबली. नवरा धर्मसिंग वारल्यापासून तिच्या अंगावर साधं लुगडं आणि बिनकशिद्याचं पोलकं असे. तांड्याच्या रिवाजाप्रमाणं दंडावरच्या बांगड्या उतरल्या त्या दिवशीच आरशांची काचळीही उतरली होती. काखेत पिशवी, पिशवीत दुपारचं लुगडं, रात्रीचं लुगडं आणि मुगाच्या वड्यांचा डबा. म्हणजे ती राहण्याच्या तयारीनं आली होती. पिशवीचा आकार पाहून निलमला इतका आनंद झाला की क्षणभर ती भिंत विसरली.

"याडी, असं आत ये. बैस इथं."

रूपाबाई बसली. सोफ्यात खोल गेली तशी घाबरून काठावर आली आणि खुदकन हसली. "बया! गिळतं की हे." देविदासनं पुनमच्या दुकानातल्या दोन उशा आणल्याच होत्या. रूपाबाईनं त्यातली एक उचलली, उलटीसुलटी केली, कशिद्यावरून अंगठा फिरवला. याडी म्हणाली, "काचळीची केली व्हय? बरी केली," आणि ती उशी दुखऱ्या गुडघ्याखाली सारून तिनं पाय लांब केला. "हे ठीक झालं. भारी असायच्या बाई त्या काचळ्या. खांदे भरून यायचे. भांडेवाला आला तसं मी माझी देऊन टाकली अन् पातेलं घेतलं. अजून हाय ते पातेलं."

निलमला हसू आलं, आणि लाजही वाटली. एवढे दिवस ती जे पोटात घेऊन फिरत होती ते याडीनं गुडघ्याखाली घालून टाकलं होतं. म्हणजे तिचीच किळस खोटी होती. शिकलेल्या बाईची, दुसऱ्याच्या वतीनं केलेली. तिला एकदम हलकं वाटलं. याच हलकेपणात देविदासनं भिंतीवरचा दिवा लावला. "याडी, आता वर बघ."

रूपाबाईनं मान वर केली. हसू चेहऱ्यावर होतं ते तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. ती हळूच उठली, जावयासमोर पदर पुढं ओढून भिंतीपासून दूर झाली आणि तोंड वळवून उभी राहिली.

"कुणाची हाय?"

"विकत आणली, याडी."

"ते कळलं. बाई कोनती?"

"ते कसं कळंल?" देविदास म्हणाला. "जुनी आहे. कलाकुसर बघ की. लोक काचेत ठेवून जपतेत आता."

"जिती हाय का मेली?"

देविदासनं निलमकडं पाहिलं. रूपाबाईनं पिशवीतून रात्रीचं लुगडं काढलं, झटकलं आणि ती नव्या सोफ्यावर पाय देऊन चढायला निघाली. गुडघ्यानं ऐकलं नाही. मग ते लुगडं निलमच्या हातात देऊन म्हणाली, "तू चढ. घाल वरून."

निलम चढली. लुगड्याची दुहेरी घडी चौकटीवरून सोडली. दिव्याच्या उजेडात कापडाआडून आरसे मंद दिसत राहिले, पण बाह्या झाकल्या गेल्या. देविदास "अरे, पाहुणे यायला लागले आता," एवढंच म्हणाला आणि मंडपाकडं गेला.

पाहुणे आले. होम झाला, पंगती झाल्या. देविदासच्या खात्यातला भागवत हॉलभर फिरून म्हणाला, "वहिनी, लग्नाचं ऱ्हायलंय का एखादं घरात? नवरी झाकून ठेवली वाटतं भिताडावर!" सगळे हसले. निलम हातात लाडवांचं ताट घेऊन उभी होती. तेवढ्यात पुनम आली. पांढऱ्या तागाचा सदरा, हातात फुलांऐवजी एक वाळकी काडी असलेली बाटली. तिनं सगळ्यांना नमस्कार केला, रूपाबाईच्या पायाला हात लावला, आणि भिंतीकडं लक्ष जाताच "अगंबाई, हे काय?" म्हणत दोन बोटांच्या चिमटीत लुगड्याचं टोक धरलं. "फक्त एक फोटो मॅडम. माझ्या पेजवर तुमचा कॉर्नर टाकायचाय. सरांना विचारलंय मी."

लुगडं घसरलं. आधी एक बाही, मग छाती, मग सगळंच. खोलीत दहा-बारा पुरुष जेवून सुपारी चघळत बसले होते. त्यांनी माना वर केल्या. कुणी वाईट पाहिलं नाही. कुणी "वा" म्हणालं, कुणी आरशात डोकावून भांग नीट केला आणि त्यावर पुन्हा हशा झाला. निलमला दिसत होतं की याडी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि ती भिंतीकडं बघत नाही, लेकीकडं बघते आहे. आता फक्त एक शब्द बोलायचा होता. 'राहू द्या.' तेवढा पुरे होता. देविदासचा उजळलेला चेहरा, खात्याचे साहेब, पुनमचा वर धरलेला फोन. निलमच्या तोंडात पुन्हा पाणी जमलं, तिनं ते गिळलं आणि समोरच्या माणसापुढं ताट धरून म्हणाली, "लाडू घ्या ना."

फोटो झाल्यावर तिनं मागं पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं. जमिनीवर पडलेलं लुगडंही उचललेलं होतं.

तिनं स्कूटी काढली आणि बसस्टँड गाठलं. तांड्याकडं जाणाऱ्या नरसीच्या बसच्या फलाटापाशी रूपाबाई बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. रुसलेलं कुणी बसतं तशी नव्हे. नुसती बसची वाट पाहत. निलम शेजारी बसली. नव्या घरात दोघी मराठीत बोलत होत्या हे तिला इथं ध्यानात आलं, कारण इथं याडी आपोआप गोरमाटीवर आली होती आणि तिच्या तोंडी ती भाषा किती खाली, किती मऊ लागते हे निलम विसरली होती.

"चुकलं माझं. मी त्या बाईला बोलायला पाहिजे होतं."

"बोलली असती तं जावई खाली पडला असता चार लोकांत. त्याचं मन कुठं वाईट हाय? हौसेचं लेकरू हाय ते."

"मग चल की घरी. मागची खोली तुझ्यासाठीच बांधली, याडी. अंगणात दार आहे. तू खोली बघितलीच नाही."

"बघितली. चांगली हाय. फॅन हाय."

"मग? उशीचं तुला काही वाटलं नाही. तूच म्हणालीस बरी केली."

"उशी फाडून केली. फाडलं की ते कापड झालं. पिशवी कर, गोधडी कर, पोतेरं कर. ही फाडली न्हाई ना." रूपाबाई थांबली. तिला शब्द सापडत नव्हते असं नाही. ते लेकीला कसे लागतील याचा अंदाज ती घेत होती. "ही अख्खी हाय. बंद सुटलेले हायत. बाईनं रातीला उतरवली अन् कुणी उचलून नेली, तशी. तुझ्या बापापुढं मी दिवा विझवल्याबिगर बंद सोडले न्हाईत कधी. आता सांग, ज्या घरात बाईची उतरवलेली काचळी पाव्हण्यायला दावतेत, तिथं मी रातीला अंगावरचं उतरवू कशी?"

बस लागली. कंडक्टरनं "नरसी, नरसी" असा पुकारा केला. रूपाबाईनं लेकीच्या गालावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली, आणि वर चढताना मागं न पाहता म्हणाली, "वड्या डब्यात हायत. तळून खा. डबा दे धाडून कवातरी."

घरी परतल्यावर मंडप सोडला जात होता. हॉल रिकामा होता. सोफ्यावर सुपारीचा चुरा, कुणाच्या तरी पाठीनं चेपलेली उशी. देविदास ओट्यावर आचाऱ्याशी बोलत होता. निलम सरळ झोपायच्या खोलीत गेली, दार लावलं, कडी घातली, पडदा ओढला. सकाळपासूनची रेशमी साडी घामानं अंगाला चिकटली होती. तिनं पदराची पिन काढली. मग ब्लाऊजच्या पहिल्या हुकाला हात लावला आणि हात तिथंच थांबला. बाहेर कुणी नव्हतं. दार पक्कं होतं. तरी तिची बोटं तो हुक काढीनात. तिनं दुसऱ्यांदा प्रयत्न केला. आपलंच अंग कुणीतरी हाताळून, पुसून, सुवासिक करून परत ठेवलं आहे असं तिला वाटलं आणि त्या अंगाची तिला इतकी शिसारी आली की भिंतीला धरून ती उभी राहिली.

पिन पुन्हा लावून ती बाहेर आली. सोफ्यावर चढून चौकट खालून उचलू लागली, ती हलेना.

"काय करून राहिली?" देविदास दारात होता. "पडशील. याडी कुठं गेली?"

"गेली. ही बाजू धरा."

"निलम, अजून तेच..."

"मला आपल्या लोकांची किळस येत नाही. या घरात मला कपडे बदलता येत नाहीत." तिचा आवाज चिरका झाला नव्हता, लॅबमध्ये निकाल सांगते तसाच होता. "याडीला झोपताना उतरवता येणार नाहीत, म्हणून ती गेली. आत्ता मलाही नाही उतरवता आले. धरा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. पसरलेल्या बाह्यांकडं, मोकळ्या बंदांकडं. दारातून आलं की पहिली नजर जिथं पडते तिथंच तो उभा होता. तो पुढं आला आणि त्यानं दुसरी बाजू धरली.

चौकट फरशीवर पालथी ठेवून तिनं मागचा कागद फाडला. टाचण्या एकेक काढल्या; त्यांची छिद्रं कापडात राहिली. काचळी हातात आली तेव्हा ती अपेक्षेपेक्षा जड होती, आणि काखेत, शिवणीच्या आत, तीन प्रक्रियांनीही न गेलेला एक तपकिरी डाग होता. निलमनं तो पाहिला. मग बाह्या आत मोडल्या, छातीवर छाती आणली, बंद भोवती गुंडाळून गाठ मारली. घडी ओंजळीएवढी झाली. ती कुठं ठेवावी म्हणून ती घरभर फिरली. हॉलमधल्या फळ्या उघड्या होत्या. स्वयंपाकघरातल्या कपाटांना काचा होत्या. झोपायच्या खोलीतल्या कपाटाचं दार सरकवलं की आतला दिवा आपोआप लागे आणि घड्या घातलेले सगळे कपडे दुकानातल्यासारखे उजळून निघत.

देविदास तिच्यामागून फिरत होता. कपाटातला दिवा लागला तेव्हा त्यानं पुढं होऊन ते दार लावून घेतलं.

"गाडीची किल्ली कुठं आहे?" तो म्हणाला. "बस अजून नरसीला पोचली नसंल. ही कुठं ठेवायची ते याडीलाच विचारू."

निलमनं घडी पदराखाली घेतली आणि ती चपला घालायला दाराकडं निघाली.